दांड्याची गाडी

रक्तपेढीत तिला सगळे तारीखबाई म्हणायचे. पिशवीवरची तारीख, बाटलीवरची तारीख, फ्रीजच्या दारावर चिकटवलेल्या तक्त्यातली तारीख, तिच्या नजरेतून एकही सुटत नसे. एकदा तर तिने मोठ्या डॉक्टरांनाच सांगितलं होतं की सही आजची आहे आणि तारीख उद्याची. तेव्हापासून हे नाव चिकटलं, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे.

वय छत्तीस. उजवा पाय लहानपणच्या आजारात गेलेला. म्हणजे जागेवर होता, पण कामाचा नव्हता. मांडीपासून घोट्यापर्यंत पट्ट्यांचा आधार आणि हातात कुबडी, अशी ती रोज पहाटे साडेपाचला खाली उतरायची. तिची पाळी सहाची. त्या वेळेला बस नसते, म्हणून पाच जणींनी मिळून एक व्हॅन लावली होती. गेल्या आठवड्यात व्हॅनवाल्याने हात जोडले. पुढच्या एक तारखेपासून तो लेकीकडे राहायला जाणार होता. बाकीच्या चौघींची सोय झाली. कुणाचा नवरा सोडणार होता, कुणी स्कूटर काढली. तारीखबाईची काहीच झाली नाही.

लायसन्स तिच्याकडे होतं. आठ महिन्यांपूर्वीच काढलेलं. ज्या शाळेत शिकली तिथल्या गाडीला स्टिअरिंगच्या खाली हाताचा दांडा बसवलेला होता. दांडा पुढे ढकलला की ब्रेक, आपल्याकडे ओढला की वेग. पायांना काहीच काम नाही. पण तशी नवी गाडी घ्यायची तर किंमत आवाक्याबाहेर, आणि साध्या गाडीला दांडा बसवून देणाऱ्या वर्कशॉपमध्ये सात महिन्यांची रांग. लायसन्स पाकिटात आणि पाकीट ड्रॉवरमध्ये, असं चाललं होतं.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत फोनवर जुन्या गाड्यांच्या जाहिराती बघताना तिला तो फोटो दिसला. करड्या रंगाची छोटी ऑटोमॅटिक गाडी. आतला फोटो धूसर, घाईत काढलेला. पण स्टिअरिंगच्या खाली काहीतरी आडवं चमकत होतं. तिने फोटो मोठा केला आणि हातातला घास तसाच राहिला. दांडाच होता. जाहिरातीत त्याचा उल्लेखही नव्हता. खाली फक्त लिहिलं होतं, ‘एकहाती वापरलेली.’ बिचाऱ्याला ‘एकाच मालकाने’ म्हणायचं असेल. पण ती एकटीच इतकी हसली की शेजारच्या टेबलावरच्या नर्सने वळून पाहिलं.

घरी आई आणि ती, दोघीच. व्यवहाराची गोष्ट निघाली की मामाला बोलवायचं, हा घरचा रिवाज. मामाने फर्निचरच्या दुकानात तीस वर्षं सोफे विकले होते. त्याचं म्हणणं, विकणाऱ्याला विकणाराच ओळखतो. तिला पुढच्या शनिवारी जायचं होतं, कारण या शनिवारी तिने सुट्टी टाकलेली नव्हती. मामा म्हणाला, सुट्टी बदलून घे, गाडी काही तुझ्या पाळीची वाट बघत बसणार नाही. मग तिने पाळी बदलून घेतली.

जाताना टॅक्सीत मामाने शिकवणी घेतली. गाडीकडे बघायचंच नाही. आधी दुसऱ्याच दोन गाड्या बघायच्या. गिऱ्हाईक सोफ्यावर बसलं आणि त्याने पाय पसरले की दुकानदार मनात म्हणतो, विकला गेला. तेव्हा गाडीत बसलीस तरी अंग चोरून बस. मी एकदा खोकलो तर भाव जास्त आहे, दोनदा खोकलो तर उठून निघायचं. आणि पोरी, सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चेहरा. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, पण त्याहून वाईट म्हणजे गरजवंताला चेहरा असतो.

तिच्याकडे गाडीसाठी सगळे मिळून दोन लाख नव्वद हजार होते. त्यातच कागदपत्रं नावावर करण्याचा खर्च आणि नवा विमा. हा आकडा मामालाही माहीत होता. तो म्हणाला, हा आकडा आता विसरून जा.

गाड्यांचं आवार मोठ्या रस्त्याला लागून होतं. वीस-पंचवीस गाड्या दोन रांगांत, पुढच्या पुसूनपुसून चकचकीत केलेल्या, मागच्या धुळीत. एका कोपऱ्यात पत्र्याची केबिन, तिच्यात एक टेबल, चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि घरघरणारा पंखा. गाडीवाला पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला, खांद्यावर पिवळं फडकं. त्याने तिची कुबडी पाहिली, न पाहिल्यासारखं केलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

मामाने ठरल्याप्रमाणे एका लाल गाडीची डिकी उघडायला लावली, मग एका पांढऱ्या गाडीचे टायर लाथेने ठोकून पाहिले. तारीखबाई मान हलवत राहिली. करडी गाडी अगदी शेवटी भिंतीला लागून उभी होती. तिच्यापर्यंत पोचायला त्यांना वीस मिनिटं लागली. “आणि ही कुठली?” मामाने अशा आवाजात विचारलं की जणू ती आत्ताच जमिनीतून उगवली आहे.

ती आत बसली. सीट थोडी मागे होती, बाकी सगळं जिथल्या तिथे होतं. दांडा हाताशी होता, वरची रबरी मूठ कुणाच्या तरी वापराने गुळगुळीत झालेली. तिने दोन्ही हात मांडीवर एकमेकांत अडकवून ठेवले. ते सुटले असते तर कुठे गेले असते हे तिला माहीत होतं.

मामाने दांड्याकडे बोट करून विचारलं, हे काय लोंबतंय. गाडीवाला म्हणाला, ती एक खास सोय आहे, बसवायलाच साठ हजार लागतात. भाव त्याने तीन लाख चाळीस सांगितला. मामा खोकला. मग चहा आला.

केबिनमध्ये बसून पहिला पाऊण तास नुसतं नमनाला घडाभर तेल गेलं. मामाने दोन चाळीस म्हटलं, गाडीवाला दुखावल्यासारखा हसला. त्याने इंजिनाची थोरवी सांगितली, मामाने पेट्रोलच्या भावाचं रडगाणं गायलं. भाव तीन तीसवर आला आणि तिथे बसून राहिला. गाडीवाल्याचं म्हणणं, मला घाईच नाही, आठ-दहा दिवसांपूर्वीच आलीय, अजून धड पुसलीसुद्धा नाही, दोन गिऱ्हाइकं फोनवर आहेत.

तारीखबाई टेबलाकडे सरकली. तिने गाडीचे कागद मागितले आणि रक्तपेढीत वाचते तसे सावकाश वाचले. मग विम्याचं पान वर काढून टेबलावर ठेवलं.

“हा विमा तुमच्या फर्मच्या नावावर आहे,” ती म्हणाली. “एक वर्षाचा काढलाय. संपायला एकवीस दिवस राहिलेत. म्हणजे गाडी तुमच्याकडे येऊन सव्वाअकरा महिने होऊन गेले.”

गाडीवाल्याने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला.

तिने आवाज चढवला नाही. चारही टायर खालून चपटे झालेत, वायपरखाली पानांचा थर आहे आणि खालची पानं वरच्यांपेक्षा काळी पडलीत, काचेवर आत्ताच्या भावाच्या कागदाखाली आधीच्या दोन कागदांच्या कडा दिसताहेत, हे सगळं तिने चुका सांगताना ज्युनिअर मुलींशी बोलते त्याच सुरात सांगितलं. मामा खोकायचं विसरून तिच्याकडे बघत राहिला.

गाडीवाल्याने विम्याचं पान उलटं करून ठेवलं. मग म्हणाला, बरं, तीन पंधरा. ती म्हणाली, दोन सत्तर. तो म्हणाला, मॅडम, मला त्यात घरचं घालावं लागेल. इथे घोडं अडलं ते अडलंच. अर्धा तास गेला, चहाचे कप वाळले, आणि कुणीच हलेना.

शेवटी मामा दोनदा खोकला.

उठून निघून जाणं ही मामाची हुकमी चाल होती. गिऱ्हाईक दारापर्यंत जातं, दुकानदार हाक मारतो, भाव पडतो. पण ही चाल झपझप चालणाऱ्यांसाठी असते. तारीखबाईला खुर्चीतून उठायलाच एक मिनिट लागलं. आवार खडीचं होतं आणि खडीवर कुबडी जपून टेकावी लागते. मामा रागावल्यासारखा तरातरा दहा पावलं पुढे गेला, मग थांबला, मग परत तिच्याजवळ आला. रागाने निघालेल्या माणसांना फाटकापर्यंत पोचायला निदान पाच मिनिटं लागणार होती. गाडीवाला केबिनच्या दारात उभा होता. त्याला हाक मारायला वेळच वेळ होता आणि तो मारत नव्हता.

ती निम्म्यावर आली असेल, तेवढ्यात फाटकातून एक माणूस आत आला. चाळिशीचा, हातात लोखंडी पेटी, शर्टाच्या खिशात मोजपट्टी. तो फिटर होता. तिथूनच त्याने गाडीवाल्याला विचारलं, दांड्याची गाडी तीच ना, भिंतीकडची? आज काढून टाकतो, पुढच्या आठवड्यात मला वेळ नाही. गाडीवाल्याने हातानेच खूण केली, हो, तीच.

फिटरने गाडीचं दार उघडलं, खाली बसला, पेटीतून पाना काढला आणि दांड्याच्या पहिल्या बोल्टला लावला. मामाने तिच्या दंडाला धरून हळूच पुढे ओढलं, पण ती वळली होती.

“हात लावू नका त्याला,” ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. पण असा होता की फिटर पाना तसाच धरून थांबला. मामाने डोळे मिटले. तीस वर्षांच्या अनुभवाची त्याच्या देखत माती झाली होती.

ती खडीवरून परत आली. सरळ गाडीपाशी गेली आणि उघड्या दाराला धरून उभी राहिली. गाडीवालाही केबिनमधून आला. तिने फिटरलाच विचारलं, हे काढायला किती घेणार. फिटर सरळ माणूस होता, त्याला समोर काय चाललंय याची कल्पनाच नव्हती. तो म्हणाला, मजुरी नऊ हजार. आणि याचा मूळचा पेडल कुणीतरी काढून टाकलाय, त्याची अख्खी जोडणी मागवावी लागेल, ती तेरा-चौदा हजारांना पडेल, मिळाली तर. मी तर यांना गेल्या वर्षीच सांगितलं होतं.

गाडीवाल्याने त्याच्याकडे असं पाहिलं की पाना जड झाल्यासारखा फिटरने खाली ठेवला.

“ताई,” गाडीवाला म्हणाला. मघाशी मॅडम होती, आता ताई झाली. “तुम्ही टॅक्सीतून उतरलात तेव्हाच मला कळलं होतं कुठल्या गाडीसाठी आलात ते. तुमचे मामा लाल गाडीचे टायर ठोकत होते तेव्हा मला हसू आवरत नव्हतं.”

“पांढऱ्या गाडीचे,” मामा म्हणाला.

“मग आता सरळच बोलू,” ती म्हणाली. “या शहरात ही गाडी घेणारी मी एकटी आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. आणि मला दुसरी गाडी मिळणार नाही, हेही तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही मला अडवू शकता, मी तुम्हाला अडवू शकते. एक तारखेपासून मला कामावर जायला काही नाही. तुमचं सांगा.”

एवढं बोलून तिला एकदम हलकं वाटलं. सकाळपासून सांभाळलेला तो मख्ख चेहरा खाली ठेवता आला, हेच तिला पुष्कळ झालं. गाडी मिळो न मिळो.

गाडीवाल्याने खांद्यावरच्या फडक्याने बॉनेटची धूळ उगाचच पुसली. मग त्यानेही सांगितलं. ऑटोमॅटिक गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून त्याने ती दोन पन्नासला घेतली. वाटलं, दांडा काढला की झालं. काढायचा खर्च ऐकला आणि आज काढू, उद्या काढू करत वर्ष गेलं. येणारा प्रत्येक जण आत बसायचा, पायाने ब्रेक शोधायचा आणि उतरून जायचा. आता आवाराच्या मालकाने मागची अर्धी जागा परत मागितली होती. ती रांग महिनाअखेर रिकामी करून द्यायची होती. ‘दोन गिऱ्हाइकं फोनवर आहेत’ असं तो म्हणाला होता, त्यातला एक त्याचा साडू होता.

तारीखबाईने आपला आकडा सांगितला. दोन नव्वद, त्यातच विमा आणि नावावर करणं. मामाने दुसरीकडे तोंड केलं, जसं कुणी इंजेक्शन घेताना करतं.

गाडीवाल्याने मनाशी हिशेब केला. मग म्हणाला, गाडीचे दोन अठ्ठ्याहत्तर द्या, बाकी तुमच्या कागदांना पुरतील. बॅटरी मी नवी टाकून देतो. ती म्हणाली, टायर? तो म्हणाला, पुढचे दोन. ती म्हणाली, आधी चालवून बघते. त्याने किल्ली काढून तिच्या हातात दिली.

फिटरने दुसऱ्या गाडीवरून वायर जोडून इंजिन सुरू करून दिलं. शेजारी गाडीवाला बसला, मागे मामा. आवारातून बाहेर पडेपर्यंत गाडीवाला खिडकीवरच्या कडीला लटकून होता. मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्याने एक हात सोडला. पुलाच्या चढावर मध्येच सिग्नल लागला, पुढे ट्रक, मागे बस. तिने दांडा पुढे दाबून गाडी उभी केली, हिरवा होताच सहज ओढून घेतली, आणि गाडी इंचभरही मागे न घसरता निघाली. तेव्हा त्याने दुसरा हातही सोडला आणि मांडीवर ठेवला. मागून मामा हळूच म्हणाला, “अगं, तुला तर येतं.” आठ महिन्यांपूर्वी लायसन्सचे पेढे नाही तरी चॉकलेटं त्याने स्वतःच्या हाताने वाटली होती, पण त्याला ते आज खरं वाटलं असावं.

आवारात परत आल्यावर ती उतरली नाही. इंजिन बंद करून तिने दांडा दोन-तीनदा पुढे ढकलून पाहिला. मग फिटरला बोलावलं.

“पहिलं बोटभर रिकामं जातंय,” ती म्हणाली. “त्यानंतर ब्रेक धरतो. चढावर मला जाणवलं.”

गाडीवाला म्हणाला, एवढं तर चालतं, सवय होते. फिटरने मात्र गाडीखाली डोकं घातलं, टॉर्च मारला आणि आतूनच ओरडला की ताईंचं बरोबर आहे. दांड्याच्या जोडावरचं रबर वाळून फुटलं होतं. आज बोटभर, सहा महिन्यांनी चार बोटं झालं असतं, आणि कधी झालं ते कळलंही नसतं. तो गाडीखालून बाहेर आला तेव्हा त्याच्या तळहातावर काळ्या रबराचा चुरा होता. तो त्याने तिला दाखवला, मग गाडीवाल्याला. गाडीवाल्याने चुरा पाहिला आणि न मागता म्हणाला, करून दे, माझ्या खर्चाने.

जो दांडा काढायला आला होता, त्यानेच मग दोन तास बसून तो नीट केला. नवं रबर आणायला तो स्वतः जाऊन आला. तेवढ्यात गाडीवाल्याने नवी बॅटरी आणि पुढचे दोन टायरही बसवून घेतले. ती शेजारी खुर्ची टाकून बसली होती. तिने त्याला विचारलं, आज तुम्हाला मला घाबरवायला तर बोलावलं नव्हतं ना? तो म्हणाला, छे, परवाच ठरलं होतं. मी सकाळी दहालाच येणार होतो, वाटेत एका शटरचं काम निघालं म्हणून उशीर झाला. ती दहाला अजून घरीच होती. आणि पुढच्या शनिवारी आली असती तर दांडा दिसलाच नसता. हे ऐकल्यावर तिने कुबडी मांडीवर आडवी घेतली. हातातोंडाशी आलेला घास एका शटरमुळे वाचला होता. मामाचा जीवही भांड्यात पडला. त्याने केबिनमधून स्वतःसाठी आणखी एक चहा मागवला आणि गाडीवाल्याला सोफे विकण्याच्या गोष्टी सांगायला बसला. दोघांचं चांगलंच जमलं.

काम झाल्यावर तिने दांडा ढकलला. आता रिकामं काहीच जात नव्हतं. हात हलला की ब्रेक धरत होता. तिने सह्या केल्या, प्रत्येक सहीखालची तारीख तपासली, एका ठिकाणी गाडीवाल्याने महिना चुकवला होता तो दुरुस्त करून घेतला आणि फोनवरून पैसे पाठवले. फाटकापाशी गाडीवाला बाजूला उभा राहून तिला वळण दाखवत होता. त्याची गरज नव्हती, पण तिने त्याला दाखवू दिलं. ती बाहेर पडली तेव्हा तो भिंतीजवळच्या मोकळ्या जागेकडे कमरेवर हात ठेवून बघत होता, आणि त्याच्याही चेहऱ्यावर ओझं उतरल्यासारखं दिसत होतं.

मामाला त्याच्या घरी सोडलं. तो उतरताना म्हणाला, तू मधेच बोललीस म्हणून, नाहीतर मी दोन पासष्टला आणली असती. ती म्हणाली, हो मामा. त्याला बरं वाटलं.

घरी पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. आई खाली येऊन उभीच होती. तिने गाडीला पुढून, मागून, बाजूने पाहिलं, दारावर बोट फिरवून धूळ पाहिली आणि म्हणाली, चल, एक चक्कर मारू. मग मागचं दार उघडून मागच्या सीटवर बसली. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. आयुष्यभर ती टॅक्सीत तशीच बसत आली होती. गाडी गल्लीतून बाहेर आली, शाळेवरून, पोस्टावरून, नदीकडच्या रुंद रस्त्याला लागली. रस्ता मोकळा होता. तिने दांडा थोडा ओढला.

“थांबव जरा,” आई म्हणाली.

तिने कडेला घेतली. तिला वाटलं, आईला भीती वाटली. आई खाली उतरली, दार लावलं, गाडीला वळसा घालून पुढे आली, पुढचं दार उघडून तिच्या शेजारी बसली आणि पट्टा कुठे अडकवायचा ते शोधू लागली.

“मागून काही दिसत नाही,” ती म्हणाली. “आता चल.”